डाव्या कोपऱ्यातली उडी

माझ्या हातून आजवर निघालेला हा सगळ्यात चांगला फोटो, आणि त्याच्यापायी मी एका भल्या माणसाला चारचौघांत खोटं पाडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मला पळवाट राहणार नाही.

फोटोत प्रशांत हवेत आहे. गुडघे पोटाशी, एका हातात माईक, केस चारी दिशांना, तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी. मावळतीचं ऊन बाजूच्या झाडांतून तिरपं येऊन नेमकं त्याच्या तोंडावर पडलंय. मागं ड्रमवाल्याच्या काठ्या धूसर झाल्यात. हा फोटो बघितला की आवाज ऐकू येतो, असं लोक म्हणतात. प्रशांतच्या बँडचं नाव 'घाव'. त्यांच्या प्रत्येक पोस्टरवर आता हाच फोटो असतो आणि खाली बारीक अक्षरांत माझं नाव असतं, नागेश, रामनगर. पुढच्या क्षणी तो जिथं उतरला ती जागा मात्र फोटोत नाही.

माझा धंदा लग्नांचा. रामनगरच्या बाजारात छोटा स्टुडिओ आहे, पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर तो चालतो, आणि लग्नसराईत मी नवरदेवांना काळा चष्मा लावून झाडाला टेकवून उभं करत फिरतो. कानात मात्र मेटलकोर. हे संगीत मला माझ्या बायकोला, दीपालीला, अजून समजावून सांगता आलेलं नाही. तिच्या मते ती माणसं भांडत असतात आणि मधे मधे पेटी वाजवायचं विसरतात. गाणं सुसाट पळत असतं आणि एकाएकी जड पावलं टाकायला लागतं, त्याला ब्रेकडाउन म्हणतात. त्या क्षणी गाणारा उडी मारतो, खालची पोरं एकमेकांना धडका देतात, आणि फोटोवाल्याच्या हातात फार तर अर्धा सेकंद असतो. लग्नात हार घालताना चुकलं तर 'परत एकदा घाला' म्हणता येतं. इथं तसलं काही चालत नाही, म्हणून तर मला त्याचं वेड.

प्रशांत बेळगावचा. त्याच्या बँडचे चार-पाच कार्यक्रम मी हौसेनं टिपले होते आणि आमच्या दोघांत एक खूण ठरली होती. ब्रेकडाउन यायच्या आधी मी स्टेजखालून मूठ वर करायची आणि मग बोटानं जागा दाखवायची. तो नेमका तिथं उडी मारणार.

"तू जागा दाखव की रे, मी मारतो उडी," तो म्हणायचा. "खाली विहीर असली तरी मारतो."

एवढा भरवसा माझ्यावर दीपालीचाही नाही.

डिसेंबरात रामचंद्रशेठनी कार्यक्रम ठेवला. सुपा धरणाच्या खालच्या अंगाला, काळी नदीच्या काठावर त्यांचं रिसॉर्ट आहे. नदीत राफ्टिंगला येणाऱ्या पोरांसाठी तीन बँड बोलावले होते, त्यात 'घाव' शेवटचा. जंगल लागूनच, त्यामुळं अंधार पडायच्या आत आवाज बंद, अशी अट होती. मला ते बरंच झालं. लाल-निळ्या दिव्यांत सगळे गाणारे सारखेच दिसतात. उन्हात माणूस दिसतो.

स्टेज बांधायला परशूमामा होते. ते माझे सख्खे मामा नव्हेत. पण रामनगरपासून कुंभारवाड्यापर्यंत मांडववाल्या परशूला सगळे मामाच म्हणतात, आणि माझ्या लग्नाचा मांडवही त्यांच्याच हातचा. त्यांची एक पद्धत आहे. मांडवात जिथं पाय ठेवायचा नाही, तिथं ते एक खुर्ची उलटी करून ठेवतात, पाय वर. पाटी नाही की दोरी नाही. आमच्याकडं ती उलटी खुर्ची दिसली की शेंबडं पोरसुद्धा वळसा घालून जातं. बेळगाव-पुण्याहून आलेल्या पोरांना ते कुठून ठाऊक असणार.

तीनच्या सुमाराला मी वडापाव खात उन्हाचा अंदाज घेत उभा होतो. ट्रायलचे काही फोटो काढून झाले होते. मामा हातोडी घेऊन माझ्यापाशी आले.

"नागेश, ह्यो डावा कोपरा बघून ठेव. जमीन नदीकडं उतरल्याली हाय, खाली टेकू बसंना. नुसतं प्लाय टाकून वर गालिचा घातलाय, दिसायला. तिथं कुणी उभं ऱ्हायचं न्हाई. खुर्ची ठेवलीया मी, पर ही पोरं काय जाणत्यात? तू सांग त्यांना. मी बोललो की हसत्यात."

"सांगतो मामा," मी म्हणालो. तोंडात घास होता, पण म्हणालो ते स्पष्ट म्हणालो.

आणि सांगितलं नाही. पहिल्या बँडची घाई झाली, प्रशांतची गाडी उशिरा पोचली, साउंडवाल्याशी माझी उभं राहायच्या जागेवरून बाचाबाची झाली. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही कामाचं नाही.

पाचच्या पुढं ऊन खाली उतरलं. अख्खं स्टेज सावलीत गेलं आणि फक्त डाव्या कोपऱ्यात, दोन झाडांच्या फटीतून, उन्हाचा एक पट्टा राहिला. असला उजेड मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. आणि त्या पट्ट्याच्या बरोब्बर मधोमध लाल प्लास्टिकची उलटी खुर्ची. कॅमेऱ्यातून ती दिसली आणि माझं डोकंच फिरलं. लग्नांत दिवसभर मी हेच करत असतो, ती बादली हलवा, ती खुर्ची काढा, काकू जरा बाजूला व्हा. 'घाव'ची पोरं वायरी जोडत होती तेवढ्यात मी वर चढलो. गालिच्याच्या अलीकडं उभा राहिलो, हात लांब करून खुर्ची उचलली आणि पडद्यामागं नेऊन ठेवली.

कोपऱ्यावर मी पाय ठेवला नाही. म्हणजे मला आठवत होतं. ही गोष्ट मी स्वतःला नाना तऱ्हांनी फिरवून सांगून बघितली, पण जो माणूस हात लांब करून खुर्ची उचलतो तो काही विसरलेला नसतो. मनात एवढंच होतं, की एका उडीनं काय होतंय.

तिसऱ्या गाण्यात ब्रेकडाउन जवळ आला. मी मूठ वर केली आणि बोट डावीकडं दाखवलं. प्रशांतनं बघितलं, दात काढले आणि चार ढांगा टाकून उडाला. मी बटण दाबून धरलं. फोटो मिळाला हे मला काढतानाच कळलं. त्याच्या पुढच्या क्षणाला तो उतरला, प्लाय मोडलं आणि तो कमरेपर्यंत खाली गेला. मोडल्याचा आवाज कुणालाही ऐकू आला नाही. प्रशांत ओरडला, पण तो आधीपासून ओरडतच होता. खालच्या पोरांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग, ती अजून जोरात उसळायला लागली. ते ओरडणं वेगळं आहे हे फक्त मला कळलं, कारण त्याचं तोंड माझ्यापासून चार हातांवर होतं. मी कॅमेरा गळ्यात तसाच सोडून वर चढलो आणि ड्रमवाल्याला हातवारे करून थांबवलं. तेवढं एक बरं केलं.

पायाचं हाड घोट्याजवळ मोडलं होतं. दांडेलीला नेऊन पट्टी बांधली आणि तिथून त्याला बेळगावला हलवलं. त्याची गाडी फाटकातून बाहेर पडली आणि रामचंद्रशेठ परशूमामांवर धावून गेले.

"खाली टेकू न्हाई आणि वर गालिचा घालतोस? पोरगं मेलं असतं तर? सांगायचं तरी कुणाला!"

"शेठ, नागेशला सांगितलं हुतं मी," मामा म्हणाले. "खुर्ची बी उलटी ठेवली हुती."

वीस-पंचवीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी जे बोललो ते शब्दाला शब्द लिहितो.

"मामा, मला तरी असं काही आठवत नाही."

"आणि खुर्ची?" शेठनी विचारलं.

"खुर्ची मी बघितली नाही."

मामा भांडले असते, माझ्या आईबापाचा उद्धार केला असता, तर कदाचित मी तिथंच कबूल झालो असतो. ते भांडले नाहीत. त्यांनी मोडलेल्या कोपऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी चड्डीत फिरत होतो तेव्हापासून मला ओळखणारा माणूस. नागेश खोटं बोलेल हे त्यांच्या मनातच आलं नाही. बराच वेळ ते कपाळ चोळत राहिले.

"मग सांगितलं नसंल मी," ते म्हणाले. "सांगावं म्हणून मनात आलं असंल, आणि ऱ्हायलं असंल."

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, लाज वाटली ती नंतर. आधी सुटका वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत बसून कार्ड उघडलं. तीन वाजताच्या ट्रायलच्या फोटोंत खुर्ची होती, लालभडक, पाय वर. एका फोटोत तर शेजारी मामा वाकून खिळा ठोकत होते. असे सात फोटो होते. सातही पुसून टाकले. मग उडीचा फोटो नीट करून प्रशांतला पाठवला. तासाभरात त्याचा दवाखान्यातून फोन आला.

"नाग्या, पाय गेला तर जाऊ दे की रे! फोटो बघ काय आलाय!"

पाय गेला नाही. प्लेट बसवली, दीड महिन्यात तो काठी टेकत स्टेजवर उभा राहिला आणि त्याचंही पोरांनी कौतुकच केलं. फोटो हजारो लोकांनी बघितला. बंगळुरूच्या एका बँडनं मला बोलावणं धाडलं. सगळ्यांचं भलं झालं, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि सांगताना परशूमामांचं नाव गाळत होतो.

त्यांच्या दारावरून जायचा रस्ता मी बदलला. मांडव घालायला ते कुठंच दिसेनात. मला वाटलं, बोभाटा झालाय, लोकच बोलावत नसतील. पण जानेवारीत चहाच्या टपरीवर कळलं ते वेगळंच. उळवीच्या जत्रेत जेवणावळीचा एक मोठा मांडव कैक वर्षं त्यांच्या हातचा असायचा. यंदाही माणसं बोलवायला घरी गेली होती. मामांनीच हात जोडून नाही म्हणून सांगितलं. वय झालं असेल, मी मनात म्हणालो, विश्रांती बरी. त्या दिवशी घरी येऊन दीपालीवर मीठ कमी पडल्याच्या निमित्तानं खेकसलो. भाजीत मीठ बरोबर होतं.

मग एका सोमवारी सकाळी परशूमामा आणि गिरजामामी दोघंही स्टुडिओत येऊन उभी राहिली. मामींच्या हातात प्लास्टिकची पिशवी, मामांच्या अंगात धुतलेला पांढरा शर्ट. माझी पाचावर धारण बसली. पण ती दोघं माझ्याकडं भांडायला आलेली नव्हती.

"ह्यांचा फोटो पायजे, पासपोर्टचा," मामी म्हणाल्या. "बेळगावला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं हाय. कागदाला लागतोय म्हणं."

"काय झालं मामांना?"

"डोक्याचं दाखवायचं हाय. इसरत्यात."

"इसरतो का न्हाई त्येच तर कळंना," मामा स्टुलावर बसत म्हणाले. "इसरलेलं माणसाला कसं कळणार, सांग बघू. मला अजून डोळ्यांम्होरं दिसतंय, मी तुला सांगाय लागलोय, तू वडा खायाला लागलायस. खुर्ची ठेवल्याली बी दिसतीया. आणि तसलं तर काय झालंच न्हवतं. मग उद्या मी टेकू लावला असं बी मला दिसंल, आणि लावल्याला नसंल. उळवीत खाली हजार माणसं जेवाय बसत्यात, नागेश. मी कुणाच्या भरवशावर व्हय म्हणू?"

"दुसरं काय विसरतात?" मी मामींना विचारलं.

"दुसरं कुटं काय! सगळं ध्यानात असतंय. पर भरवसाच उडालाय. गॅस बंद केला का, कडी लावली का, दहा-दहा बारी बघून येत्यात. परवा नातवाला शाळेतनं आणाय पाठवलं, तर अर्ध्या वाटंतनं माघारी आले. म्हणाले, तूच जा, मी आणला असं मला वाटंल आणि पोर तिथंच ऱ्हाईल."

मामा खाली मान घालून ऐकत होते. आपल्याबद्दल डॉक्टर काय बोलतोय ते रोगी ऐकतो तसं. मी कॅमेरा उचलला, कारण हातांना दुसरं काही काम नव्हतं.

"मान जरा वर, मामा. इकडं बघा."

त्यांनी बघितलं. लेन्समधून त्यांचे डोळे एवढे जवळ आले की मला नजर चुकवायला जागा उरली नाही. मी बटण दाबलं. फ्लॅश उडाला.

"काढलास?" त्यांनी विचारलं.

"काढला."

ते मामींकडं वळले. "काढला न्हवं गं त्यानं?"

समोर डोळे दिपवणारा फ्लॅश उडाला होता, आणि तो उडाला का, हे मामा बायकोला विचारत होते. माझ्या एका वाक्यावर त्यांनी आपलं डोकं पार सोडून दिलं होतं. आता तेच डोकं घेऊन ते बेळगावला निघाले होते, नसलेलं दुखणं दाखवायला.

"मामा, तुम्ही सांगितलं होतं," मी म्हणालो.

"काय?"

"कोपऱ्याचं. टेकू नाही म्हणून सांगितलं होतं. मी सांगतो म्हणालो आणि त्यांना सांगितलं नाही. खुर्चीपण तुम्ही ठेवली होती. ती मी काढली, फोटोत येत होती म्हणून. मला सगळं आठवत होतं. शेठनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

मामांनी माझ्याकडं रोखून बघितलं.

"खुर्ची कसली हुती?"

"लाल. एका पायाला तार गुंडाळलेली."

"तार मीच गुंडाळली हुती," ते हळूच म्हणाले. "आणि मी काय म्हणालो हुतो? पोरांबद्दल?"

"मी बोललो की हसत्यात, असं म्हणालात."

"तुझ्या हातात?"

"वडापाव."

मामा स्टुलावरून उठलेच. मला वाटलं आता कानाखाली बसते. मी गालसुद्धा पुढं केला, खरंच. पण त्यांनी दोन्ही हातांनी मामींचे खांदे धरले.

"गिरजे! ऐकलंस न्हवं? सांगितलं हुतं मी! ठेवली हुती खुर्ची! डोस्कं शाबूत हाय माझं!"

ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती. माझ्यावर राग धरायला त्यांना सवडच नव्हती. जत्रेत हरवलेलं पोर सापडलं की माणूस आधी त्याला पोटाशी धरतो, तसं त्यांचं चाललं होतं. एक शिवी मिळाली असती तरी मला बरं वाटलं असतं. मी तिथं उभा होतो, कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत, आणि एवढी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

राग मामींनी धरला.

"दोन म्हैने," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "दोन म्हैने ह्या माणसाला मी चुलीपाशी एकटं सोडलं न्हाई. रोज देवाला सांगत हुती, ह्यांच्या आधी मला ने, पर ह्यांना माझं नाव इसरायला लावू नको. तुझ्या फोटुत खुर्ची नको म्हणून?"

"व्हय मामी."

"माझ्या दारात आलास तर पाणी दीन मी तुला. पर तोंडाकडं बघणार न्हाई."

मामांनी तोवर शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं होतं आणि चपला पायात सरकवल्या होत्या. स्टुडिओत आले तेव्हा दिसली नव्हती ती हुशारी त्यांच्या अंगात आली होती.

"चल," ते मला म्हणाले. "गाडी काढ. रामचंद्राकडं जाऊ. जेवढ्या माणसांत न्हाई म्हणालास, तेवढी गोळा करू आणि तितक्यांत सांग. त्या प्रशांतला बी तिथनंच फोन लाव, त्येचा पाय मोडलाय. मग मी उळवीला जाऊन बघतो, मांडव अजून कुणाला दिला न्हाई तर."

शेठ, त्यांची माणसं, प्रशांत. फोनमध्ये प्रशांतचं तोंड कसं होईल ते मला दिसलं. विहीर असली तरी उडी मारतो म्हणणारा पोरगा. आणि तो फोटो, खालचं माझं नाव. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत मी बोललो, आणि हे लिहिताना अजून माझे कान तापतात.

"मामा, आज झेरॉक्सची गिऱ्हाइकं यायची आहेत. उद्या सकाळी जाऊ या का?"

मामा दारात थांबले. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नाही, त्यांनी मनापासूनच विचारलं.

"उद्या तुला आठवंल?"

मी शटर खाली ओढलं आणि गाडीची किल्ली काढली.